वॅटची पोच

हौशी रेडिओच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न पडलेला असतो: माझा आवाज किती लांब जाईल? लगेच त्याच्या मागोमाग दुसरा येतो: त्यासाठी किती वॅट लागतील? आपल्याकडची परवान्यांची विभागणीही या प्रश्नाला खतपाणी घालते. मर्यादित श्रेणीचा परवाना असलेल्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओचालकाला, लघुलहरींवर ५० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते, सामान्य श्रेणीच्या हॅमला ४०० वॅटपर्यंत. म्हणजे आठपट. नवख्याला वाटते की आठपट शक्ती म्हणजे आठपट अंतर, निदान आठपट मोठा आवाज तरी. प्रत्यक्षात या आठपटीने पलीकडच्या रिसीव्हरवरचा काटा जेमतेम दीड घर पुढे सरकतो.

हे घर म्हणजे काय, ते आधी पाहू. हॅमच्या रिसीव्हरवर सिग्नलची ताकद दाखवणारा एक मीटर असतो. त्यावर एस-१ पासून एस-९ पर्यंत खुणा असतात. ‘फाइव्ह नाइन’ असा रिपोर्ट मिळाला की हॅमचा चेहरा खुलतो, तो यातल्या शेवटच्या नऊमुळे. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाने ठरवून दिलेल्या मापाप्रमाणे एका घराचा फरक ६ डेसिबलचा असतो, आणि ६ डेसिबल म्हणजे शक्ती चौपट. एक घर वर चढायचे तर वॅट चौपट करायचे, दोन घरे चढायची तर सोळापट, तीन घरे चढायची तर चौसष्टपट. एस-१ आणि एस-९ यांच्यात शक्तीचा फरक सुमारे ६३ हजारपट भरतो. एवढा मोठा पल्ला एका छोट्या मीटरवर बसवलेला असतो, कारण रिसीव्हरला आणि आपल्या कानाला पटींचीच भाषा कळते. ५ वॅटवरून १०० वॅटवर गेलो तर वीसपट शक्ती झाली. मीटरवर ती दोन घरांपेक्षा थोडी जास्त. १०० वॅटला मोठा अँप्लिफायर जोडून १००० वॅट केले, तर दोन घरेही पुरती होत नाहीत.

आता हा हिशेब खऱ्या अंतरावर मांडून बघू. मुंबई ते लंडन सुमारे ७२०० किलोमीटर. १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे हॅम मंडळींच्या लाडक्या २० मीटर बँडवर, एवढे अंतर कापताना निव्वळ पसरण्यामुळे लहरीची शक्ती सुमारे १३२ डेसिबलने घटते. ही घट आकड्यात सांगायची तर निघालेल्या शक्तीला सोळा लाख कोटींनी भागावे लागेल. त्यात आकाशात शोषली जाणारी आणि जमिनीवर आपटून परतताना वाया जाणारी शक्ती मिळवा, दोन्हीकडच्या साध्या डायपोल अँटेनांचा थोडा लाभ वजा करा. ढोबळमानाने मुंबईचे १०० वॅट लंडनमध्ये एस-५ च्या आसपास पोहोचतात. तेच ४०० वॅट केले तर एस-६. पाच वॅट ठेवले तर एस-३ च्या जरा खाली. वाटेत सोळा लाख कोटींनी भागाकार होतो आहे, तिथे आपण टोकाला चारने गुणाकार करून कितीसा फरक पडणार? शिवाय हे आकडे स्थिर नसतात. आकाशातून आलेला सिग्नल सतत वरखाली होतो. हॅम त्याला क्यूएसबी म्हणतात. एका मिनिटात २० डेसिबलचा चढउतार ही नेहमीची गोष्ट. म्हणजे १०० वॅटचा सिग्नल क्षणात १ वॅटचा वाटावा आणि पुन्हा शंभराचा व्हावा, इतका फरक आकाश स्वतःच पाडत असते.

लांबच्या रेडिओचा खरा मालक आहे आयनांबर. जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरपासून वर काही शे किलोमीटरपर्यंत सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी हवेतले अणू फोडलेले असतात. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन लघुलहरींना वळवून पुन्हा जमिनीकडे पाठवतात. लांबचा संपर्क मुख्यतः सर्वांत वरच्या एफ थरामुळे घडतो. एका उडीत लहर जास्तीत जास्त तीन-चार हजार किलोमीटर जाते. लंडन गाठायला दोन-तीन उड्या लागतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण वॅटच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यात आहे. दोन ठिकाणांमधल्या मार्गाला कुठल्याही वेळी वारंवारतेच्या दोन मर्यादा असतात. वरच्या मर्यादेपलीकडची लहर आयनांबर वळवूच शकत नाही. ती आरपार अवकाशात निघून जाते. ही मर्यादा केवळ इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर आणि लहर कोणत्या कोनाने वर जाते यावर ठरते. तिचा तुमच्या वॅटशी काडीचा संबंध नाही. बँड बंद असेल तर ५ वॅट आणि १५०० वॅट दोन्ही सारखेच अवकाशात जातात. पंचविसाव्या सौरचक्राचा उच्चबिंदू ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. अशा काळात २८ मेगाहर्ट्झवर पाच वॅटचा छोटा संच दिवसा खंड ओलांडतो. चारपाच वर्षांनी सूर्यावरचे डाग विरळ झाले की त्याच बँडवर किलोवॅट ओतूनही दिवसच्या दिवस शांतता असते.

खालची मर्यादा वेगळी. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवर डी नावाचा थर तयार होतो आणि तो लहरी वळवण्याऐवजी गिळतो. वारंवारता जितकी कमी, तितके गिळणे जास्त. वारंवारता निम्मी झाली की डेसिबलमधले शोषण साधारण चौपट होते. म्हणून खालची मर्यादा ठरते ती पलीकडे पोहोचलेला उरलासुरला सिग्नल तिथल्या गोंगाटाच्या वर राहतो की नाही, यावरून. इथे मात्र वॅट उपयोगी पडतात. शक्ती वाढवली की ही मर्यादा थोडी खाली ढकलता येते. पण किती? समजा दुपारी १४ मेगाहर्ट्झवर शोषणात ५ डेसिबल जात आहेत. मग ७ मेगाहर्ट्झवर २० डेसिबल जातील. वरचे १५ डेसिबल भरून काढायला शक्ती बत्तीसपट हवी. १०० वॅटचे ३२०० वॅट! जगातल्या बहुतेक परवान्यांत हे बसत नाही. आणि सूर्य मावळला की डी थर थोड्याच वेळात विरतो. मग हेच ७ मेगाहर्ट्झ मूळच्या १०० वॅटवर युरोपात ऐकू येतात. घड्याळाकडे पाहून केलेला संपर्क अँप्लिफायरपेक्षा सरस ठरतो.

वॅटने न सुटणारी आणखी एक अडचण म्हणजे मधले मौनक्षेत्र. दिवसा २० मीटरवर मुंबईचा हॅम जर्मनीशी गप्पा मारतो, पण पुण्याच्या मित्राला तो अनेकदा ऐकूच जात नाही. जमिनीलगतची लहर घाट चढून येता येता संपते आणि आकाशातून वळलेली लहर पुण्याच्या डोक्यावरून पुढे जाते.

हे सगळे आज तक्त्यात मांडता येते. शंभर वर्षांपूर्वी ते कोणालाच ठाऊक नव्हते. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने इंग्लंडच्या पोल्धूहून अटलांटिकपार न्यूफाउंडलंडमध्ये ‘एस’ अक्षराचे तीन टिंब ऐकल्याचे जाहीर केले, आणि पुढची वीस वर्षे अभियंत्यांनी एकच धडा गिरवला: लांब जायचे तर तरंगलांबी वाढवा आणि शक्ती वाढवा. स्वीडनमधले ग्रिमेटनचे केंद्र त्या विचाराचा उरलेला नमुना. २०० किलोवॅटचे फिरते यंत्र, मैलभर पसरलेला अँटेना आणि १७ किलोहर्ट्झच्या आसपासची अतिलांब लहर. २०० मीटरपेक्षा आखूड लहरी निरुपयोगी आहेत असे ठरल्यामुळेच अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना तिकडे हाकलले आणि त्यांच्या संचाला १ किलोवॅटची मर्यादा घातली.

या ‘निरुपयोगी’ लहरींनी अटलांटिक ओलांडता येईल का, हे पाहण्यासाठी अमेरिकी हौशी संघटनेने १९२१ च्या सुरुवातीला चाचणी घेतली. ती फसली. त्यावर संघटनेने जे केले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. तिने शक्ती वाढवण्याचा हट्ट धरला नाही. ऐकणारा माणूस बदलला. पॉल गॉडली हा रिसीव्हरचा जाणकार अमेरिकेतून स्कॉटलंडच्या अर्ड्रोसन गावी पाठवला गेला. समुद्रकाठच्या ओल्या शेतात त्याने तंबू ठोकला, त्या काळातला उत्तम सुपरहेटरोडाइन रिसीव्हर मांडला आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर शेकडो मीटर लांब सरळ तार अमेरिकेच्या दिशेने ताणली. ही बेव्हरेज अँटेना. ती एका दिशेचेच ऐकते आणि बाकी दिशांचा गोंगाट बाजूला ठेवते. डिसेंबरच्या थंडीत, रात्री जागून, गॉडलीने एकामागोमाग एक अमेरिकी केंद्रे टिपली. कनेक्टिकट राज्यातल्या ग्रीनविचच्या १बीसीजी या केंद्राकडून तर त्याला पूर्ण संदेश मिळाला. एडविन आर्मस्ट्राँग हे ते केंद्र उभारणाऱ्यांपैकी एक. या केंद्राची शक्ती कायद्यातल्या किलोवॅटच्या आतच होती. फरक होता तो पद्धतीचा: ठिणगीच्या प्रक्षेपकाची शक्ती विस्तृत पट्ट्यात उधळली जायची, तर निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या या संचाची सगळी शक्ती एका बारीक रेषेत एकवटलेली होती.

पुढचे टप्पे भराभर आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरातल्या लिओं डलॉय याने सुमारे ११० मीटरवर अमेरिकेशी दुतर्फा बोलणे केले. १८ ऑक्टोबर १९२४ ला लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याचा न्यूझीलंडच्या फ्रँक बेलशी संपर्क झाला. अंतर १८ हजार किलोमीटरहून अधिक, म्हणजे जवळजवळ पृथ्वीची दुसरी बाजू. सरकारांनी शेकडो किलोवॅट खर्चून जे साधायचे ठरवले होते, ते एका शाळेच्या खोलीतून झाले. हाच गॉयडर पुढे १९३६ मध्ये भारतात आला, आकाशवाणीचा मुख्य अभियंता झाला, आणि तुटपुंज्या पैशांत एवढा मोठा देश कसा व्यापायचा या प्रश्नाला त्याने लघुलहरींचेच उत्तर दिले. १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे लघुलहरी प्रक्षेपक सुरू झाले.

महाराष्ट्राच्या मातीतही या बदलाची खूण आहे. ब्रिटिश साम्राज्य जोडणाऱ्या बिनतारी साखळीची मूळ कल्पना लांब लहरी आणि प्रचंड शक्तीची होती. प्रत्यक्षात १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड जोडले गेले ते मार्कोनी कंपनीच्या लघुलहरी बीम पद्धतीने. तिचे भारतातले प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. उंच मनोऱ्यांवर टांगलेल्या तारांच्या पडद्यांनी सगळी शक्ती इंग्लंडच्या दिशेने वळवली जाई, म्हणून कमी खर्चात आणि कमी शक्तीत काम भागे.

खडकीच्या पडद्यांचा हा धडा हॅमला आपल्या गच्चीवर गिरवता येतो. हेडलाइटमधला दिवा तोच ठेवून मागे आरसा बसवला की उजेड रस्त्यावर पडतो, तसे अँटेनाचे आहे. तीन दांड्यांची यागी अँटेना डायपोलच्या तुलनेत हव्या त्या दिशेला सुमारे ५ डेसिबल जास्त देते. १०० वॅटचे ३०० वॅट झाल्यासारखेच. उंचीचाही वाटा मोठा. २० मीटर बँडवर डायपोल निदान दहा मीटर उंच असावा, म्हणजे लहर क्षितिजाकडे झुकून निघते आणि कमी उड्यांत लांब जाते. तीच तार तीन मीटरवर बांधली तर बरीचशी शक्ती डोक्यावरच्या आकाशात जाते. आणि अँटेनाचा लाभ दुहेरी असतो: तिने बोलणे सुधारते तसे ऐकणेही सुधारते. अँप्लिफायर फक्त बोलतो. ज्याचा आवाज जगभर पोहोचतो पण ज्याला स्वतःला कमजोर सिग्नल ऐकू येत नाहीत, अशा केंद्राला इंग्रजी हॅम बोलीत ‘अ‍ॅलिगेटर’ म्हणतात: तोंड मोठे, कान छोटे.

ऐकण्याची गोष्ट निघाली की गोंगाटाकडे यावेच लागते. लघुलहरींवर सिग्नल ऐकू येतो की नाही, हे त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्याभोवतीच्या खरखरीवर ठरते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या गोंगाटाच्या तक्त्यांत शहर आणि ग्रामीण भाग यांच्यातला मानवनिर्मित गोंगाटाचा फरक सुमारे १० डेसिबल धरलेला आहे. एलईडी दिव्यांचे स्वस्त चालक, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टच्या मोटारी ही सगळी मंडळी त्यात भर घालतात. वर मुंबई-लंडनच्या हिशेबात १०० वॅटचा सिग्नल एस-५ ला पोहोचला होता. पलीकडचा हॅम भर शहरात असेल तर त्याच्याकडची खरखर त्याहून वर असते, आणि बोललेले शब्द तिच्यात बुडतात. तोच हॅम खेड्यात असेल तर तेच शब्द बऱ्यापैकी कळतात. म्हणजे ऐकणारा शहराबाहेर गेला की बोलणाऱ्याचे १०० वॅट ९०० वॅटच्या तोडीचे होतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या वळवाच्या विजा खालच्या बँडवर अशीच भिंत उभी करतात, आणि ती भिंत ऐकणाऱ्याच्या अंगणात असल्यामुळे बोलणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

गोंगाटाची आणखी एक बाजू हॅमच्या हातात आहे: आपण किती रुंद पट्ट्यात ऐकतो. आवाजाच्या संभाषणाला सुमारे २५०० हर्ट्झची जागा लागते. मोर्सला २५० हर्ट्झ पुरतात, म्हणजे दहापट कमी जागा आणि दहापट कमी गोंगाट. जुने हॅम अंधुक सिग्नलवर बोलणे सोडून मोर्सची किल्ली का उचलत, ते यावरून कळेल.

हा धागा पार टोकाला नेला तो जो टेलर यांनी. जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकीचे नोबेल मिळवणारे हे खगोलशास्त्रज्ञ स्वतः हॅम आहेत. अवकाशातून येणारे अतिक्षीण संकेत गोंगाटातून उपसायची जन्मभराची सवय त्यांनी हौशी रेडिओकडे वळवली. त्यांची २००८ ची डब्ल्यूएसपीआर पद्धत जवळजवळ दोन मिनिटे घेऊन फक्त ५० बिट पाठवते: कॉलसाइन, ठिकाणाचा संकेत आणि वापरलेली शक्ती. जागा लागते जेमतेम ६ हर्ट्झ. २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या गोंगाटापेक्षा २८ डेसिबलने कमी असलेला, म्हणजे कानाला अजिबात न जाणवणारा सिग्नलही ती ओळखते. २०० मिलिवॅटचे, बॅटरीवर चालणारे प्रक्षेपक या पद्धतीने महासागर ओलांडतात. स्टीव्ह फ्रँके यांच्यासह टेलर यांनी २०१७ मध्ये आणलेली एफटी८ पद्धत हेच काम पंधरा सेकंदांच्या फेऱ्यांत करते आणि दुतर्फा संपर्क घडवते. जगभर पसरलेले डब्ल्यूएसपीआरचे रिसीव्हर आपापल्या नोंदी एकत्र करतात, आणि प्रत्येक नोंदीत किती वॅट होते हे लिहिलेले असते. शक्ती आणि पोच यांचे नाते मोजण्याचे इतके मोठे साधन हौशी मंडळींकडे पूर्वी कधीच नव्हते.

मग वॅट कशाला हवेत? हवेत, आणि काही ठिकाणी फार हवेत. सिग्नल गोंगाटाच्या उंबरठ्यावर असतो तिथे ६ डेसिबल म्हणजे संपर्क होणे आणि न होणे यातला फरक असतो. एस-९ चा एस-९ अधिक दहा डेसिबल केल्याने काही साधत नाही. शब्द आधीच स्पष्ट असतात. पण खरखरीत अर्धवट कळणारे नाव चौपट शक्तीने पूर्ण कळते. दुर्मीळ बेटावरून कोणी बोलू लागले की शेकडो केंद्रे एकाच वेळी हाका मारतात. त्या झुंबडीत किलोवॅटवाला आधी ऐकला जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. १.८ मेगाहर्ट्झवर अँटेना लहान पडते आणि गोंगाट मोठा असतो, तिथेही शक्तीला पर्याय कमी. चंद्रावरून लहर परतवून बोलणाऱ्यांना १४४ मेगाहर्ट्झवर सुमारे २५० डेसिबलची घट सोसावी लागते. ते मोठ्या अँटेना आणि परवान्यातला शेवटचा वॅट दोन्ही वापरतात, आणि ते योग्यच आहे.

आणीबाणीत मात्र हिशेब उलटतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि जगभरच्या हॅमशी बोलायला उभारलेले ते केंद्र अंदमानातल्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवू लागले. अशा प्रसंगी वीज गेलेली असते आणि शिल्लक असते ती बॅटरी. १०० वॅटचा नेहमीचा संच पूर्ण शक्तीने बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो. ५ वॅटच्या छोट्या संचाला एकदोन अँपिअर पुरतात. मीटरवरच्या दोन घरांच्या बदल्यात तीच बॅटरी कित्येक पट जास्त वेळ बोलते. मोर्सवर ५ वॅट आणि आवाजावर १० वॅटच्या आत राहणारी क्यूआरपी मंडळी जगभर आहेत. त्यांच्याकडे कोणी गंमत म्हणून पाहू नये. आणीबाणीच्या कामाची इतकी चांगली तालीम दुसरी नाही.

अमेरिकेत हौशी केंद्राला १५०० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. पण तिथल्या ज्या नियमात ही मर्यादा आहे, त्याच नियमाचे पहिले कलम सांगते की इच्छित संपर्कासाठी लागेल तेवढीच किमान शक्ती वापरावी. पुढच्या वेळी लांबचा संपर्क छान जुळला आणि पलीकडच्याला वेळ असला, तर त्याला थांबायला सांगा. १०० वॅटवरून २५ वर या आणि मीटर विचारा. मग ६ वर या आणि पुन्हा विचारा. दोन घरे खाली गेल्याचे तो सांगेल, आणि बहुतेक वेळा तुमचे शब्द त्याला तरीही कळत असतील. अँप्लिफायरसाठी पैसे साठवण्याआधी हा प्रयोग करा, आणि तेवढ्याच पैशांत तार किती उंच नेता येईल तेही पाहा.